पाइपनं ऐकायचं की सर्किटनं?

आमच्या चंदगडकडं ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला, पायानं भाता मारायचा ऑर्गन आठवतो. त्यात पितळी पत्त्या असतात. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनमध्ये मात्र खरे पाइप. ३२-३३ हर्ट्झच्या खर्ज सुराला तब्बल १६ फुटी पाइप लागतो! जागा आणि खर्च वाचावा म्हणून हायब्रिड ऑर्गनमध्ये असे खर्जाचे सूर बऱ्याचदा स्पीकरमधून काढतात, बाकीचे पाइपमधून.

खरी अडचण पुढेच आहे. पाइपचा सूर हवेतील ध्वनिवेगावर ठरतो. हा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ३० अंशांना ३४९. म्हणजे ४४० हर्ट्झचा पाइप ४४७ वर जातो. क्रिस्टलवरचं सर्किट ४४० लाच! दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला सातएक बीट्स पडतात, आणि कानाला ते बेसूर लागतं.

मग कुणी कुणाला जुळवून घ्यायचं? शेकडो पाइप रोज कोण लावणार? म्हणून तापमान बघून सर्किटचाच सूर सरकवतात.

गॅदरिंगला बासरीसोबत इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेणाऱ्यांनी हेच करावं. आधी बासरी फुंकून गरम करा, मग तानपुरा तिला जुळवा. जो बदलू शकतो, त्यानंच बदलावं!