घटक ५ : किल्ला आणि खेडे – बनरॅटी येथील लोकसंग्रहालयाचे वाचन

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला

• खुले लोकसंग्रहालय म्हणजे काय, ते सांगता येईल.
• आयर्लंडमधील बनरॅटी येथील किल्ला आणि लोकसंग्रहालय यांची माहिती देता येईल.
• संग्रहालयात मांडलेल्या वास्तू मूळच्या, स्थलांतरित आणि पुनर्रचित अशा प्रकारांत वेगळ्या करून पाहता येतील.
• लोकसंस्कृतीतील वस्तू आणि लोकसाहित्यातील शब्द यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण लोकसाहित्याच्या शाब्दिक आविष्कारांचा, म्हणजे लोकगीते, लोककथा, म्हणी आणि उखाणे यांचा विचार केला. हे शब्द ज्या घरात, ज्या चुलीजवळ, ज्या अंगणात उच्चारले जात, त्या भौतिक जगाचा अभ्यासही लोकसंस्कृतीच्या अभ्यासात मोडतो. घर, अवजारे, भांडी आणि वस्त्रे यांतून समाजाचे जीवन व्यक्त होत असते. हे जग जपून ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे खुले लोकसंग्रहालय.

या घटकात आपण आयर्लंडच्या पश्चिम भागातील एका प्रसिद्ध स्थळाचा अभ्यास करणार आहोत. तेथे जाण्याची संधी तुम्हांला मिळेल किंवा मिळणारही नाही. संग्रहालयाकडे एक ‘संहिता’ म्हणून कसे पाहावे, हे मात्र या उदाहरणावरून शिकता येते. कोणतीही संहिता वाचताना तिच्यात काय आले आहे आणि काय आलेले नाही, असे दोन प्रश्न आपण विचारतो. तेच प्रश्न येथेही विचारायचे आहेत.

५.३ बनरॅटीचा किल्ला

क्लेअर परगण्यात, लिमरिक शहर आणि शॅनन विमानतळ यांच्या दरम्यान, रॅटी नदी शॅनन नदीच्या खाडीला मिळते. त्या मुखाजवळ हा किल्ला उभा आहे. आयरिश भाषेतील ‘बन’ या शब्दाचा येथील अर्थ नदीचे मुख असा आहे. त्यावरून बनरॅटी हे नाव पडले. जलमार्गावर नजर ठेवता येईल अशी ही जागा असल्यामुळे येथे एकामागून एक तटबंद्या बांधल्या गेल्या आणि पाडल्याही गेल्या. आज दिसणारी वास्तू मॅकनमारा घराण्याने सुमारे १४२५ मध्ये उभारली. पुढे ती ओब्रायन घराण्याकडे आली. १५४३ मध्ये या घराण्याच्या प्रमुखाने इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्याकडून ‘थॉमंडचा अर्ल’ ही पदवी स्वीकारली.

‘किल्ला’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रायगड किंवा सिंधुदुर्ग येतो. तटबंदी, दरवाजे, बालेकिल्ला आणि आत नांदणारी वस्ती असे ते चित्र असते. बनरॅटीची रचना वेगळी आहे. मध्ययुगीन आयर्लंडमध्ये सरदार घराणी उंच, जाड भिंतींच्या एकाच मनोऱ्यासारख्या इमारतीत राहत. अशा इमारतीला आपण ‘मनोरागृह’ म्हणू. बनरॅटी हे मोठ्या मनोरागृहाचे उदाहरण आहे. त्याच्या चारही कोपऱ्यांना बुरूज असून त्यांतून अरुंद चक्राकार जिने वर जातात. खालच्या दालनात रक्षक आणि सेवक असत, तर वरच्या भव्य सभागृहात सरदाराची बैठक भरे. सत्तेची उतरंड येथे मजल्यांच्या उतरंडीतून दिसते.

१८०४ मध्ये तत्कालीन मालक स्टडर्ट कुटुंब जवळच्या नव्या, अधिक सोयीच्या घरात राहायला गेले आणि किल्ल्याची पडझड होत गेली. १९५४ मध्ये लॉर्ड गॉर्ट यांनी तो विकत घेतला. सरकारी बांधकाम खात्याच्या साहाय्याने त्याचा जीर्णोद्धार झाला आणि १९६० मध्ये तो लोकांसाठी खुला करण्यात आला. आतील जुने फर्निचर आणि भिंतींवरील विणलेली चित्रे गॉर्ट यांच्या संग्रहातून आली आहेत. याचा अर्थ असा की, भिंती या जागेच्या आहेत. पण त्यांमधील बरेचसे सामान अन्यत्र जमवलेले आहे. पाहणाऱ्याला हा फरक सहजी जाणवत नाही. अभ्यासकाने तो लक्षात ठेवला पाहिजे.

५.४ खुल्या लोकसंग्रहालयाची कल्पना

बंद दालनात काचेच्या कपाटांतून वस्तू मांडणे ही संग्रहालयाची जुनी पद्धत होय. स्वीडनमधील आर्टुर हाझेलियुस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे ‘स्कॅन्सेन’ हे संग्रहालय सुरू केले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील शेतघरे उतरवून, त्यांचे भाग क्रमवार आणून, ती एका टेकडीवर पुन्हा उभारण्यात आली. कारखानदारीच्या युगात ग्रामीण जीवन झपाट्याने बदलत होते, हे त्यामागील कारण होते. येथे वस्तू तिच्या परिसरासह पाहता येते. चमचा पाहताना चूल दिसते आणि चुलीबरोबर घरही दिसते.

बनरॅटीच्या लोकसंग्रहालयाचा जन्म १९६० च्या दशकात एका विशिष्ट प्रसंगातून झाला. शॅनन विमानतळाची धावपट्टी वाढवण्यासाठी एक शेतघर पाडावे लागणार होते. ते नष्ट न करता किल्ल्याच्या आवारात हलवण्यात आले. हळूहळू त्याच्या शेजारी इतर घरे आली आणि आज तेथे तीसहून अधिक वास्तू आहेत.

या प्रसंगाचा थोडा अधिक विचार करा. अटलांटिक महासागर ओलांडणारी विमाने पूर्वी इंधनासाठी शॅननला थांबत. लांब पल्ल्याची जेट विमाने आल्यावर हा थांबा अनावश्यक होऊ लागला. प्रदेशाला नवे उत्पन्न मिळावे म्हणून १९५९ मध्ये एक विकास कंपनी स्थापन झाली आणि तिने पर्यटनाकडे लक्ष वळवले. किल्ल्यात १९६३ पासून सुरू झालेल्या ‘मध्ययुगीन मेजवान्या’ हा त्याचाच भाग होता. ज्या विमानतळामुळे जुने घर जागेवरून उठले, त्याच विमानतळाला प्रवासी हवे होते म्हणून ते घर पाहण्याजोगे ठरले. लोकसंस्कृतीचे जतन आणि तिचा व्यापार या दोन गोष्टी अनेकदा अशा हातात हात घालून येतात. त्यामुळे जतन खोटे ठरत नाही. मात्र काय जपायचे याची निवड कोणत्या गरजेतून झाली, हे पाहावे लागते.

५.५ घरे आणि त्यांची भाषा

संग्रहालयात मच्छीमाराचे घर, डोंगराळ भागातील शेतकऱ्याचे घर, सुपीक प्रदेशातील सधन शेतकऱ्याचे घर आणि माणसे व गुरे एकाच छपराखाली राहत असे घर पाहायला मिळते. क्लेअर किनाऱ्यावरील लूप हेड या भूशिरावरचे घरही येथे आहे. त्याचे गवती छप्पर दोरांनी बांधून ठेवलेले असते, कारण अटलांटिकवरून येणारा वारा छप्पर उडवून नेऊ शकतो. घराच्या रचनेवरून तेथील हवामान, जमीन आणि व्यवसाय ओळखता येतात, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

घराचे केंद्र म्हणजे अग्निस्थान. इंधन म्हणून ‘पीट’ वापरत. दलदलीच्या जमिनीतून कापून वाळवलेल्या, कुजलेल्या वनस्पतींच्या या विटा असतात. दार आडवे दुभागलेले असे. वरचा भाग उघडा ठेवला की उजेड येई. खालचा बंद ठेवला की कोंबड्या आत येत नसत आणि लहान मूल बाहेर जात नसे. दिवसा बाक आणि रात्री उघडून बिछाना होणारे लाकडी आसनही अनेक घरांत असे. थोड्या जागेत मोठे कुटुंब सामावण्याची ही युक्ती आपल्याकडील लहान घरांतही परिचित आहे.

खेड्याचा रस्ता, शाळा, टपाल कचेरी, छापखाना, दुकाने आणि मद्यगृह यांतून १९व्या शतकाच्या उत्तरार्धातील गावाचे चित्र उभे केले आहे. मागे १५व्या शतकातील मनोरागृह आणि पुढे ही घरे असे दृश्य मनोहर वाटते. परंतु वेगवेगळ्या ठिकाणची आणि वेगवेगळ्या काळांतली ही घरे इतिहासात कधीही अशी शेजारी शेजारी नव्हती. ही जुळणी संग्रहालयाची आहे.

५.६ जे येथे नाही

१८४१ च्या जनगणनेत आयर्लंडमधील घरांचे चार वर्ग करण्यात आले होते. चौथा, सर्वांत खालचा वर्ग म्हणजे एका खोलीची मातीची झोपडी. अशी घरे सुमारे ४.९ लाख होती. १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळाला सुरुवात झाली. सुमारे १० लाख माणसे उपासमार व रोगराईने मरण पावली आणि जवळपास तितकीच देशांतर करून गेली. भाडे थकलेल्या कुळांना जमीनदारांनी बाहेर काढले; ती परत येऊ नयेत म्हणून अनेक ठिकाणी घरांची छपरे उतरवण्यात आली. क्लेअर परगण्यातील किलरश हा भाग अशा हकालपट्ट्यांसाठी कुप्रसिद्ध झाला. १८५१ च्या जनगणनेत चौथ्या वर्गाची घरे सुमारे १.३५ लाख उरली होती.

दहा वर्षांत साडेतीन लाख घरे नाहीशी झाली. मातीच्या भिंतींवरचे छप्पर गेले की पाऊस उरलेले काम करतो. दगडी मनोरागृह दीडशे वर्षे दुर्लक्षित राहूनही पुन्हा उभे करता येते. मजुराची झोपडी जागेवरून उचलून आणता येत नाही, कारण ती उरलेलीच नसते. बनरॅटीत भूमिहीन मजुराचे एका खोलीचे घर दाखवले आहे, ही महत्त्वाची गोष्ट आहे. तरीही एका घराकडे पाहून त्या साडेतीन लाख घरांची कल्पना आपणच करावी लागते. जे टिकते ते बहुधा सबळांचे असते, हे सूत्र कोणत्याही संग्रहालयात शिरताना सोबत ठेवावे.

५.७ वस्तू आणि शब्द

आयरिश घरात रात्री निजण्यापूर्वी निखाऱ्यांवर राख ओढली जाई, म्हणजे सकाळी विस्तव जिवंत सापडे. हे करताना घरातील स्त्री प्रार्थना म्हणत असे. हिवाळ्याच्या रात्री शेजारी या विस्तवाभोवती जमत आणि ‘शानखी’ म्हणजे परंपरेने कथा सांगणारा माणूस गोष्टी सांगे. संग्रहालय अग्निस्थान जपते; प्रार्थना आणि कथा जपण्यासाठी दुसरी व्यवस्था लागते.

आयर्लंडने तीही उभारली. १९३५ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांनी आपल्या आईवडिलांकडून, आजी-आजोबांकडून आणि शेजाऱ्यांकडून कथा, म्हणी, उपचार, खेळ आणि स्थानिक आठवणी ऐकून वह्यांत लिहून काढल्या. हे संकलन आणि लोकसंग्रहालय एकमेकांना पूरक आहेत.

आपल्याकडील जाते आठवा. जाते संग्रहालयात ठेवता येते. परंतु पहाटे जात्यावर बसलेल्या बाईने माहेर, भाऊ, विठ्ठल आणि स्वतःचे दुःख ज्या ओवीत गुंफले, ती ओवी कोणी ऐकून लिहून घेतली नाही, तर जाते ही केवळ दोन दगडांची जोडी उरते. उलट, जाते कधी पाहिलेच नसेल तर ओवीची लय का अशी आहे, हे उमगत नाही.

५.८ सारांश

बनरॅटी येथे १५व्या शतकातील मनोरागृह आणि ग्रामीण घरांचे खुले संग्रहालय एकत्र पाहायला मिळते. तेथील काही गोष्टी जागच्या, काही हलवलेल्या, तर काही नव्याने रचलेल्या आहेत. जतनामागे जिव्हाळा असतो, तसे अर्थकारणही असते. दुर्बळांची घरे फारशी टिकत नाहीत, म्हणून संग्रहालय वाचताना अनुपस्थितांचा विचार करावा लागतो. वस्तूंचे जतन आणि शब्दांचे संकलन मिळूनच लोकजीवनाचे चित्र पूर्णतेकडे जाते.

५.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मनोरागृह आणि महाराष्ट्रातील गिरिदुर्ग यांच्या रचनेतील फरक थोडक्यात सांगा.
२. बनरॅटीच्या लोकसंग्रहालयाच्या निर्मितीमागील कारणे स्पष्ट करा.
३. ‘जे टिकते ते बहुधा सबळांचे असते’ या विधानाची साधार चर्चा करा.
४. कोल्हापूरजवळील कणेरी मठाच्या सिद्धगिरी संग्रहालयात बारा बलुतेदारांचे जीवन पुतळ्यांतून दाखवले आहे. मूळ घरे हलवून आणणे आणि पुतळ्यांतून प्रसंग उभे करणे या दोन पद्धतींची तुलना करा.

क्षेत्रकार्य : तुमच्या गावातील किंवा नात्यातील एखादे जुने घर निवडा; शक्यतो असे, जे लवकरच पाडले जाणार आहे. त्याचा साधा आराखडा काढा. चूल, माजघर, गोठा, देवघर, उखळ यांच्या जागा दाखवा. त्यानंतर त्या घरात राहिलेल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीजवळ बसा आणि प्रत्येक जागेशी निगडित शब्द, गाणी, म्हणी व आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. लिहिण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी. त्या घरात कामाला येणाऱ्या, पण उंबऱ्याच्या आत येऊ न शकणाऱ्या माणसांविषयीही आवर्जून विचारा. हे काम पुढे ढकलू नका. घर पाडले तरी आराखडा कदाचित आठवणीतून काढता येईल, सांगणारी व्यक्ती मात्र पुन्हा भेटेलच असे नाही.