आधी काय आलं ते वाच

घोडेगाव, ता. आंबेगाव

चि. बाळास,

काल फोनवर तुझा आवाज अगदी रडवेला होता. 'मामा, प्रॉपर्टीज फाइलमध्ये व्हॅल्यू दिसते, कोडमध्ये मात्र नल. सकाळपासून वीस वेळा सर्व्हर रीस्टार्ट केला.' घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ते रीस्टार्ट थांबव आणि नेमकं काय आलंय ते वाच. प्रत्येक दुखण्याचं लक्षण वेगळं असतं.

नल आलं, तर तोवर '@व्हॅल्यू' लावलेल्या त्या फील्डला जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कचा हात लागलेला नाही. ते फील्ड ज्या सर्व्हिसमध्ये आहे, ती तू 'न्यू' लिहून स्वतः बनवली असशील, मग स्प्रिंगला तिची खबरच नाही. फील्ड स्टॅटिक असेल, तर स्प्रिंग ते सोडून देतं. किंवा व्हॅल्यू कन्स्ट्रक्टरमध्येच वापरत असशील. फील्ड भरलं जातं ते ऑब्जेक्ट तयार झाल्यावर. तिथे ती कन्स्ट्रक्टरचा पॅरामीटर म्हणूनच माग.

डॉलर आणि महिरपी कंसासकट नाव जसंच्या तसं आलं, तर बीन, म्हणजे तो ऑब्जेक्ट, स्प्रिंगनेच बनवलंय, पण ज्या कंटेक्स्टमध्ये ते बनलं, त्याला ती की, म्हणजे ते नाव, उलगडता आलेली नाही. जुन्या वेब ॲप्लिकेशनमध्ये रूट कंटेक्स्ट वेगळा आणि डिस्पॅचर सर्व्हलेटचा वेगळा. रूटच्या एक्सएमएलमधला प्रॉपर्टी-प्लेसहोल्डर सर्व्हिसला लागू होतो, कंट्रोलरला नाही. तो सर्व्हलेटच्या एक्सएमएलमध्येही लिहावा लागतो.

सुरू होतानाच एक्सेप्शन आलं, तर कीचं स्पेलिंग तपास, आणि वॉर फाइल उघडून प्रॉपर्टीज फाइल खरंच आत गेली का ते डोळ्यांनी बघ.

भलतीच व्हॅल्यू आली, तर ती दुसरीकडून आलीय. स्प्रिंग बूटमध्ये फाइलपेक्षा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलचा मान मोठा, त्याहून कमांड लाइनचा. आणि ओळीच्या शेवटची स्पेस जावा काढून टाकत नाही. पासवर्ड बरोबर दिसतो, लॉगिन होत नाही, आणि दिवस जातो.

डिंभे धरणाच्या कालव्याला आवर्तन सुटलं आणि आपल्या वाफ्यात पाणी आलं नाही, तर तुझे आजोबा धरणाला बोल लावत बसायचे नाहीत. वाफ्यापासून चारी धरून वर चालत जायचे आणि पाणी कुठवर आलंय ते बघायचे. तूही तसंच कर. फील्डपासून निघ: ऑब्जेक्ट कुणी बनवलं, कोणत्या कंटेक्स्टमध्ये, व्हॅल्यू कुठून आली.

एक कळकळीचं सांगणं. एक्सेप्शन गप्प करायला कीच्या पुढे कोलन देऊन डीफॉल्ट व्हॅल्यू चिकटवू नकोस. मी एकदा चाचणीच्या डेटाबेसचा पत्ता असाच लिहिला होता. प्रॉडक्शनवर कीमधलं एक अक्षर चुकलं. ॲप बिनतक्रार सुरू झालं आणि दोन दिवस लोकांचे अर्ज चाचणीच्या डेटाबेसमध्ये जात राहिले. ते एकेक करून हातांनी परत भरताना मला कळलं, की सुरू होतानाच अडलेलं ॲप आपलं नुकसान वाचवत असतं. जी व्हॅल्यू नसली तर काम चुकेल, तिला डीफॉल्ट देऊ नये.

आज आधी 'न्यू' शोध. जे सापडेल ते मला एका ओळीत कळव: काय आलं होतं आणि का. आणि रात्री वेळेवर जेव.

तुझा,
मामा