आधी वही, मग पेन

स्टेशनरीच्या दुकानात पेन चालवून बघायला जो कागद पुढे करतात, त्यावर बहुतेक पेनं छानच चालतात. जुन्या कॅलेंडरची नाहीतर कुठल्या तरी पत्रिकेची गुळगुळीत पाठ असते ती. गिऱ्हाईक त्यावर चार वेटोळी काढतं, इंग्रजीत सही ठोकतं आणि पैसे देऊन मोकळं होतं. घरच्या वहीत त्याच पेनाची शाई पसरते, पाठीमागे उमटते, नाहीतर वाळतच नाही. मग दोष पेनाला.

मी रोज हातानं लिहिते. रोजनिशी, टिपणं, लेखांचे कच्चे खर्डे, सगळंच. त्या अनुभवावरून पहिली सूचना एवढीच, की पेन घ्यायला जाताना आपली वही काखोटीला मारून न्यावी. दुकानदार जरा चमकून बघतो, बघू दे. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारांना याहून चिकित्सक पुणेकरांची सवय आहे. आणि वहीत वेटोळी काढू नयेत. सलग मराठी मजकूर लिहावा, आपल्या नेहमीच्या वेगानं, निदान आठ-दहा ओळी. ‘ज्येष्ठ’, ‘लक्ष्मी’, ‘धनुष्य’, ‘भरभराट’ असले शब्द त्यात मुद्दाम घ्यावेत.

मराठीच का, ते सांगते. आपण शब्द लिहितो आणि मागे येऊन त्यावर रेघ ओढतो. म्हणजे क्षणापूर्वी काढलेल्या, अजून ओल्या असलेल्या दांड्यांच्या डोक्यांवरून निब पुन्हा जाते. प्रत्येक दांडीच्या माथ्याशी शाई दुप्पट पडते. कागद कच्चा असला की तिथेच बारीक बारीक फाटे फुटतात, ‘ष्ठ’चं पोट बुजतं आणि शिरोरेषेतली ती इवलीशी फट भरून जाते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ वेगळे ओळखायला त्या फटीचा केवढा आधार असतो! ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला म्हणतात. ‘ध’चा ‘घ’ मात्र साठ पानी वहीसुद्धा करू शकते. मोडी लिहिणारे या भानगडीतून सुटलेले होते. ते पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी रेघ ओढून घेत आणि मग अक्षरं तिला टांगत. रोमन लिपीत तर वरून रेघ नाहीच. म्हणून परदेशी लेखणीबहाद्दरांनी नावाजलेली जाड, ओली निब आपल्या साध्या वहीत नापास होते, यात नवल नाही.

आता कागद. सगळे विचारतात ते ‘जीएसएम’, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ते वहीवर छापलेलं असेलच असं नाही, आणि छापलेलं असलं तरी पडताळून बघायला काय हरकत आहे? ए-4 आकाराचे सोळा कागद म्हणजे जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर. तेव्हा 80 जीएसएमचा एक ए-4 कागद भरतो 5 ग्रॅम. ए-4 आकाराच्या 200 पानी वहीत कागद असतात 100, कारण पानं दोन्ही बाजूंची मोजतात. त्यांचं वजन 80 जीएसएमला 500 ग्रॅम होतं, 60 ला 375. पुठ्ठ्याचं वेगळं धरायचं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर हा सव्वाशे ग्रॅमचा फरक लपत नाही.

पण वजनावर भाळू नये. हे मी एका घाऊक दुकानाच्या कृपेनं शिकले. तिथून नमुन्याला एक वही आणली होती. शाईपेन तिच्यावर असं चालायचं की लिहिणं थांबवू नये. म्हणून डझनभर मागवल्या. पुठ्ठा तोच, आखणी तीच, वजनही जवळपास तेवढंच. आणि पहिल्याच पानावर शाई अशी पसरली की वाटावं वर्तमानपत्रावर लिहितोय. दुकानदार म्हणाले, “ताई, माल तोच आहे, लॉट वेगळा असेल.” त्यांचं दोन्ही खरं होतं. पुठ्ठा छापून तयार असतो. आतला कागद त्या वेळी मिळेल तसा येतो. तेव्हापासून मी नमुना आणि उरलेला माल एकाच गठ्ठ्यातून, एकाच वेळी घेते. गठ्ठ्यातल्या मधल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून बघते आणि मग बाकीच्या बांधायला सांगते.

वजन सारखं असून असं का होतं? कारण शाई अडवतं ते कागदाचं वजन नव्हे, त्याला दिलेली खळ. कागद करताना त्यात किंवा त्यावर स्टार्चसारखे पदार्थ घालतात, त्यामुळे शाई धाग्यांतून इकडेतिकडे धावत नाही. हे ज्ञान जुनं आहे. जुन्नरला, दौलताबाद-खुलताबादच्या मधल्या कागजीपुऱ्यात हातकागद व्हायचा. असा कागद खळ देऊन गुळगुळीत दगडानं घोटत, तेव्हा कुठे बोरू त्यावर न अडखळता फिरे. आजच्या स्वस्त वहीत काटकसर होते ती बरेचदा इथेच. झेरॉक्सच्या कागदाचंही तसंच. तो यंत्रातल्या भुकटीसाठी बनवलेला. काही कंपन्यांचा शाईला उत्तम, काहींचा अगदी टाकाऊ. रीम घेण्याआधी झेरॉक्सवाल्याकडून चार कोरे कागद मागून घ्यावेत, कुणी नाही म्हणत नाही. पसंत पडला तर रीम घेऊन बाइंडरकडून दोऱ्यानं शिवून घ्यावी. रेघा हव्यात तर ठळक आखलेला एक कागद खाली सरकवावा, पूर्वी पत्रं लिहिताना सरकवायचो तसा. माझ्या मते रोजच्या लिखाणाला याहून चांगली वही नाही. नुसती डिंकानं चिकटवलेली वही दिसते देखणी, पण ती सपाट उघडत नाही, आणि बांधणीकडच्या दोन बोटांत अक्षर वाकडं होतं ते होतंच.

पेनाबद्दल थोडक्यात. बॉलपेनाची शाई तेलकट आणि घट्ट, त्यामुळे ती कुठल्याही कागदावर पसरत नाही. त्याची किंमत मनगट देतं, कारण दाबावं लागतं. दोन-दोन तास लिहिणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. जेलपेन हलकं चालतं, पण रिफील भराभर संपते आणि ओल्या अक्षरावर हात फिरला की ओळ गेली. शाईपेन घ्यायचंच तर बारीक निबचं घ्यावं. जपानी ‘फाइन’ बहुधा युरोपी ‘फाइन’पेक्षा बारीक असते, आपल्या जोडाक्षरांना तीच मानवते. शाई साधी घ्यावी. दौतीवर ‘ड्रॉइंग इंक’ असं लिहिलेली पाण्याला दाद न देणारी शाई पेनात कधीही भरू नये. ती आत वाळली की निघत नाही. उलट ‘वॉशेबल’ निळी शाई पेनाला निर्धोक, पण पाण्याच्या एका शिंतोड्यानं ओळ पुसते. पत्ते, औषधांची नावं, पैशांचे हिशेब तिनं लिहू नयेत.

घासलं की पुसलं जाणारं पेन मात्र घरात असलं तर वेगळ्या डब्यात ठेवा, असं मी हात जोडून सांगेन. आमच्या सोसायटीच्या सचिवांनी वार्षिक सभेचं इतिवृत्त त्या पेनानं लिहिलं, खाडाखोड नको म्हणून. वही गाडीत डॅशबोर्डवर राहिली, ऐन एप्रिलात. संध्याकाळी उघडली तर पानं कोरी. फक्त अध्यक्षांची बॉलपेनची सही, तीही कशाखाली कोण जाणे. त्या शाईचा रंग घासण्यानं जात नाही, घासण्याच्या उष्णतेनं जातो. साधारण 60 अंशांच्या वर ती दिसेनाशी होते आणि उन्हातल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. सुदैवानं ती कडाक्याच्या थंडीत परतते. वही रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशव्यांशेजारी ठेवली, तेव्हा फिकट का होईना, अक्षरं उमटली. ती तातडीनं दुसऱ्या वहीत उतरवून घेतली. चेक, अर्ज, करार, सह्या यांच्या आसपास हे पेन फिरकूसुद्धा देऊ नये.

आणखी एक बारीकशी गोष्ट. पानाच्या तळाशी शाईपेन अडखळायला लागलं तर लगेच निब बदलू नका. लिहिताना तळहात जिथे टेकतो तिथे कागदाला घाम आणि तेल लागतं आणि शाई धरत नाही. मुंबईत, कोकणात तर बाराही महिने. हाताखाली टीपकागदाचा किंवा साध्या कागदाचा तुकडा घ्यावा, पेन मुकाट्यानं चालतं.

प्रत्येक नव्या वहीचं शेवटचं पान चाचणीला राखून ठेवावं. पेन, शाई आणि तारीख लिहून चार ओळी काढाव्यात, तासाभरानं पान उलटून बघावं. तीच परीक्षा आषाढात पुन्हा घ्यावी. दमट हवेत कागद ओलावा धरतो आणि उन्हाळ्यात उत्तम ठरलेली वही तेव्हा शाई पसरू देते. तसं झालं तर वही टाकू नये. पावसाळ्यापुरतं तिच्यात बॉलपेन वापरावं, आणि शाईपेन साध्या पाण्यानं रंग निघेपर्यंत धुऊन, निब खाली करून कोरडं करून ठेवावं. भरलेलं तसंच ठेवलं तर दसऱ्यापर्यंत आतली शाई घट्ट झालेली असते.