मांजर ओकलं, दवाखान्यात कधी न्यायचं?

प्रश्न : आमची चार वर्षांची मांजर अधूनमधून ओकते. डॉक्टरांकडे नेमकं कधी न्यावं?

उत्तर : उलट्या किती झाल्या यापेक्षा दोन उलट्यांच्या मधल्या वेळात मांजर कशी वागते, ते आधी बघा. केसांचा लांबुळका गोळा ओकून ती लगेच खायच्या वाटीकडे वळली, तर काळजी नको. पण दिवसात तीन-चारदा ओकली, पाणीही पोटात ठरेना, रक्त दिसलं किंवा ती कोपऱ्यात मलूल बसून राहिली, तर त्याच दिवशी न्या. ‘मांजरं ओकतातच’ हे खरं. तरी दर आठवड्याला ओकणं आणि वजन उतरणं यामागे आतड्याचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. ‘दोन दिवस उपाशी ठेवू, बरी होईल’ हा उपाय तर धोक्याचाच. मांजराचं खाणं तुटलं की अंगातली चरबी यकृतात साचू लागते. बोका कुंथतोय पण लघवी होत नाही, लिलीचं पान चावलंय किंवा दोरा गिळलाय, तर तासभरही थांबू नका. तोंडातून लोंबणारा दोरा ओढू नका, आतडं चिरू शकतं. घरातली पॅरासिटामॉल तर देऊच नका. मांजराला ती विष आहे.