टेप स्टीलची आण

अगं, आधी तो चेहरा नीट कर बघू. परवा फोनवर तू तीनदा विचारलंस, "ताई, जमेल ना गं मला?" आणि मी हो म्हणायच्या आत तिन्ही वेळा "नाहीच जमणार" असं उत्तरही स्वतःच देऊन टाकलंस. पुण्यात नोकरी लागलीय, रुजू व्हायला दीड महिना आहे, आईला साताऱ्याचं घर सोडून येता येत नाही, आणि व्हीलचेअरवर आल्यापासून तू पहिल्यांदाच एकटी राहणार. भीती वाटणारच. मणक्याच्या दुखापतीनंतर दोन वर्षं माहेरी काढून मी पहिलं भाड्याचं घर घेतलं, त्या रात्री दाराला कडी लावलीय ना, हे चार वेळा जाऊन पाहिलं होतं. चार वेळा पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर! चोर काही आला नाही, सकाळी खांदे मात्र असे भरून आले की चहाचा कप उचलवेना.

आता घराचं बोलू. तू मला फोटो पाठवलेस सहा फ्लॅटचे. फोटोत सगळी घरं छान दिसतात गं. तुला बघायच्या आहेत त्या तीन गोष्टी: दारं, उंबरे आणि बाहेरच्या पायऱ्या. दलाल म्हणेल, "लिफ्ट आहे मॅडम." लिफ्ट असते, पण तिच्यापर्यंत जायला तीन पायऱ्या असतात, आणि त्या त्याला कधी दिसलेल्याच नसतात. त्याचा दोष नाही, पडायच्या आधी मलाही दिसत नव्हत्या.

बाथरूमचं दार मोजताना चौकट मोजू नकोस. दार उघडल्यावर मधे जी मोकळी जागा उरते, ती मोज. मी चौकट मोजली होती, तीसुद्धा शिवणाच्या टेपने. जुनी टेप, ताणलेली. सामान येऊन पडल्यावर कळलं की माझी खुर्ची आत जायला एक इंच कमी पडतोय. एक इंच! शेवटी घरमालकांच्या हातापाया पडून दार काढलं आणि पडदा लावला. पुढची दोन वर्षं आंघोळीला बसल्यावर मोठ्याने गाणी म्हणत होते, म्हणजे आलेल्या पाहुण्यांना कळावं. नियमाप्रमाणे दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी आणि खुर्ची गोल फिरवायला दीड मीटर जागा हवी. आपल्याकडच्या भाड्याच्या घरात एवढं मिळणं कठीण. मग चाकांची कमोड-खुर्ची घे. ती अंगाने बारीक असते, अरुंद दारातून जाते आणि आंघोळ, संडास दोन्ही तिच्यावरच उरकतं. पकडायचा दांडा भिंतीत ड्रिल मारून पक्का बसवून घे. ते चिकटवायचं सक्शनचं हँडल घेऊ नकोस, ऐन वेळी हातात येतं. आणि मालकांना आधीच सांग, घर सोडताना भोकं बुजवून देईन. बहुतेकांचा जीव त्या भोकांतच अडकलेला असतो.

रॅम्पची गोष्ट तर तुला सांगायलाच हवी. आमच्या दाराशी दोन पायऱ्या होत्या, मिळून एक फूट उंची. गवंड्याने विचारलं, "ताई, किती लांब करू?" मी म्हटलं, करा तीन फूट, उगाच सिमेंट कशाला वाया घालवायचं. पहिल्याच दिवशी उतरताना जी सुटले, ती थेट शेजारच्या काकूंच्या तुळशीवृंदावनात! काकूंनी आधी तुळस बघितली, मग मला उचललं. हिशोब सोपा आहे, पाठच करून ठेव: एक इंच उंचीला बारा इंच उतार. एक फूट चढायचं तर रॅम्प बारा फूट लांब. जागा नसेल तर मधे वळण घ्यायचं, पण उतार खडा करायचा नाही.

स्वयंपाकघरात ओट्याशी भांडू नकोस. गुडघे खाली जातील असं बुटकं मजबूत टेबल, त्यावर इंडक्शन, बाजूला रोजचे चार डबे. झालं स्वयंपाकघर! एक गोष्ट मात्र दटावून सांगते. गरम भांडं मांडीवर ठेवून न्यायचं नाही, कधीच नाही. मी आमटीचं पातेलं खाली फडकं घेऊन मांडीवर ठेवलं आणि ऐटीत बाहेरच्या खोलीत गेले. पायाला काही जाणवतच नाही तर चटका कळणार कसा? रात्री कपडे बदलताना तळहाताएवढा फोड दिसला. भरून यायला दोन महिने गेले. आता माझ्या खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायला एक फळी आहे, भांडं तिच्यावरच जातं. आंघोळीचं पाणीही आधी हाताने बघायचं, मग पायावर घ्यायचं. बसून काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलायचं. नव्या नोकरीत पहिल्या आठवड्यात तू हे विसरणार, मला माहितीय. फोनवर गजर लाव. मीटिंगमध्ये वाजला तर वाजू दे. बेडसोअर झाला तर मीटिंगच काय, नोकरीचे तीन महिने जातात.

बरं, आता मावशींचं बोलू. इथे तू अडून बसली आहेस, हो ना? "एकटी राहतेय म्हटल्यावर बाई ठेवायची म्हणजे हरल्यासारखं वाटतं." बघ, पहिल्या वर्षी मीही हाच हट्ट धरला होता. कपडे मी धुणार, लादी मी पुसणार, ओट्यावरच्या फळीवरचा डबा काठीने मीच पाडणार. संध्याकाळपर्यंत इतकी दमायचे की ऑफिसचं काम रडत व्हायचं आणि मैत्रिणीकडे जायला अंगात त्राण नसायचं. मग ठेवल्या एक मावशी, आणि दुसऱ्या टोकाला गेले. "तुम्हीच बघा हो मावशी सगळं." त्यांनी बघितलं! तीन महिन्यांत भाजी कोणती, आंघोळ किती वाजता, माझ्या घरी कोण आलं आणि का आलं, सगळं त्या ठरवायला लागल्या. प्रेमळ होत्या गं, पण माझ्याच घरात मी पाहुणी झाले. एकदा मला वांगं खायचं होतं आणि मी घाबरत घाबरत विचारलं. त्या दिवशी माझं मलाच हसू आलं.

तेव्हापासून माझी रीत ठरलीय. सकाळचे दोन तास, आणि त्या दोन तासांत काय करायचं, ते मी सांगणार. हात त्यांचे, डोकं माझं. चोवीस तासांची बाई तुला लागणार नाही, आई कितीही म्हणाली तरी. पहिल्या दिवशीच शिकवून ठेव: खुर्चीला आधी ब्रेक, मग फूटरेस्ट बाजूला, आणि काखेत हात घालून ओढायचं नाही, मी सांगेन तिथेच धरायचं. कॅथेटरचं तुझं तू करतेस ना? मग त्यात कुणाला आणू नकोस, फक्त सामान कुठे ठेवलंय तेवढं दाखवून ठेव. पगार वेळेवर दे, महिन्याच्या दोन सुट्ट्या आपणहून दे, आणि त्या येणार नाहीत त्या दिवसासाठी दुसऱ्या एकीचा नंबर आधीच घेऊन ठेव. त्या ज्या दिवशी येत नाहीत, नेमकी त्याच दिवशी लिफ्ट बंद असते. हा शासकीय नियम नाही, माझा अनुभव आहे. घराची एक किल्ली शेजारी दे. माझी तुळसवाल्या काकूंकडे असायची.

आणि मनातून ते हरल्याबिरल्याचं काढून टाक. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे ना, त्याच्या पाचव्या कलमात दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क दिलाय. तू अमुकच ठिकाणी राहायचं अशी सक्ती कुणी करू शकत नाही, आणि राहण्यासाठी लागणाऱ्या मदतनिसाचाही त्यात उल्लेख आहे. आता सरकार मावशींना तुझ्या दारात आणून सोडणार नाही, एवढं तुला आणि मला कळतं. पण हात उसने घेऊन आपलं घर आपण चालवणं यात काही कमीपणा नाही, हे कायद्यातच लिहिलेलं वाचल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

कागदांची धास्ती घेऊ नकोस. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, झालंय का? नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भर, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. अपंगत्वाच्या टक्क्यांवरून कार्डाचा रंग ठरतो, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि पुढे निळा. माझं निळं आहे. मी माझं जुनं मूळ प्रमाणपत्र जपून राहावं म्हणून हौसेने लॅमिनेट करून घेतलं होतं. पुढे एका कचेरीत त्यावर शिक्का हवा होता. प्लॅस्टिकवर शिक्का उमटतो होय! साहेब बोटाने पुसत बसले आणि मला पुन्हा पहिल्यापासून चकरा. तू साध्या फाइलीत ठेव, दहा झेरॉक्स काढ, फोनमध्ये फोटो ठेव.

त्या कार्डावर पुढचं बरंच चालतं. साताऱ्याला एसटीने जाताना ४० टक्क्यांच्या वर तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, आणि अपंगत्व ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबत्यालाही निम्मं तिकीट. रेल्वेचं सवलत कार्ड वेगळं काढावं लागतं, तेही काढून टाक. प्राप्तिकराची जुनी पद्धत घेतलीस तर दिव्यांग म्हणून ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के आणि वर असेल तर सव्वा लाखाची. कोणती पद्धत स्वस्त पडते, ते ऑफिसच्या अकाउंटंटला विचार. महापालिका असो की ग्रामपंचायत, दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो, म्हणून पालिकेच्या समाज विकास विभागात एक चक्कर मारून यंदा कुठल्या योजना आहेत, ते विचारून ये. साइडची चाकं लावलेली स्कूटर घ्यायची असेल तर आधी आरटीओत चौकशी, मग शोरूम. आणि ऑफिसात पहिल्याच आठवड्यात एचआरला गोड आवाजात विचार, "आपलं समान संधी धोरण कुठे वाचायला मिळेल?" प्रत्येक आस्थापनेला ते करावंच लागतं. नुसत्या विचारण्यानेही कधीकधी टॉयलेटच्या दारातले खोके हलतात.

कुठे अडलंच तर दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे, चर्च रोडला. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नकोस. बायकांना आणि दिव्यांगांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, फोन १५१००. तू तर दोन्ही खात्यांत बसतेस!

पण खरं सांगू का, मला यातल्या निम्म्या गोष्टी कुठल्या कचेरीत कळल्याच नाहीत. त्या कळल्या आपल्यासारख्या चाकांवरच्या माणसांकडून. कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजूक माहितीयत ना? सोळाव्या वर्षी कमरेखालचं गेलं, पुढे अबकारी खात्यात नोकरी केली, आणि १९८४ मध्ये सोबत्यांना घेऊन 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. वसतिगृह, शाळा, काम करायच्या जागा, सगळं चाकाच्या खुर्चीला डोळ्यांसमोर ठेवून. त्यांचं 'चाकाची खुर्ची' मी दवाखान्यात असताना कुणी तरी आणून दिलं होतं. तेव्हा रागाने उशीखाली सारलं. वाटलं, मला कशाला देताय हे, मी चालणारे. चार महिन्यांनी एका रात्रीत वाचून काढलं. मुंबईची नीना फाउंडेशन खास मणक्याच्या दुखापतीच्या लोकांसाठी काम करते, त्यांच्याशीही ओळख कर. कॅथेटर, सेक्स, लग्न, प्रवासात लघवीचं काय करायचं, हे प्रश्न डॉक्टरांपुढे जिभेवर येत नाहीत. आपल्या माणसांत मात्र ते चहा पिता पिता निघतात.

आईचं राहिलं. तिच्याशी वाद घालू नकोस. तिने तुला दोन वर्षं उचललंय, तिचे हात अजून त्याच सवयीत आहेत. पहिले आठ दिवस तिला इथे बोलाव, पण कामाला हात लावायचा नाही ही अट घालून. खुर्चीत बसव आणि तुझी सकाळ तिला बघू दे. माझ्या आईने दुसऱ्या दिवशीच चोरून माझी लादी पुसली, तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचत बसली, आणि पाचव्या दिवशी "मी जाते गं, तुझ्या बाबांचे जेवणाचे हाल होतात" म्हणून निघाली. एसटीत बसल्यावर रडली असणार. मीही रडले, पण त्या रात्री वांग्याचं भरीत करून एकटीनेच सगळं संपवलं.

तर रविवारी अकराला ये. त्या सहातले पहिले दोन फ्लॅट आपण दोघी बघू. तिसऱ्याचा जिना फोटोतच दिसतोय, तो सोडून दे. दलालाशी मी बोलते, तू मोजायचं काम कर. आणि टेप स्टीलची आण, शिवणाची नको.