नशा सुटताना मनाचे काय होते?



ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीस आणला. हे विष आपल्या उंबऱ्याशी आले आहे, हे तेव्हा सर्वांना कळले.

घरात पोरगं नशेला लागलं की आईबाप त्याला माळ घालायला लावतात. तेही मनापासून सोडतं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगावर धावून येतं, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहतं. मग कोणी म्हणतं, 'माळेचा अपमान केला.' कोणी म्हणतं, 'बाहेरची बाधा आहे.' आमच्या मते दोन्ही निदाने चूक आहेत.

असे का होते ते पाहू. उत्साह आणि आनंद देणारी द्रव्ये देवाने मेंदूत मुळातच ठेवली आहेत. एमडी ती एकदम उधळून टाकते. नशा थांबली की कोठार रिते असते. म्हणून उदासी, चिडचिड, संशय, झोपेचा घोळ आणि पुन्हा घेण्याची ओढ लागते. गांजाही निरुपद्रवी नव्हे. तो सोडणाऱ्याला झोप येत नाही, भडक स्वप्ने पडतात, अन्न गोड लागत नाही. पहिल्या आठवड्यात हा त्रास जोरात असतो आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. मनाची ओढ मात्र पुढे कित्येक महिने अधूनमधून उसळते.

तेव्हा काय करावे? त्याला एकटे ठेवू नये, टोचून बोलू नये. डॉक्टरांना दाखवावे. दारू किंवा झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याने आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. त्याने झटके येऊन जिवावर बेतू शकते. 'जगावंसं वाटत नाही' असा शब्द निघाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारची १४४४६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. पुण्यात १९८६ साली अवचट दांपत्याने सुरू केलेले मुक्तांगणही आहे. औषध घेतल्याने नामाला उणेपणा येत नाही.

निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते, ती एका दिवसात पंढरीला पोचत नाही. वाटेत कोणाच्या पायाला फोड आले, तर आपण त्याला दिंडीतून काढत नाही; हात देतो, पाय चेपतो. नशा सोडणाराही असाच वाटेवरचा वारकरी आहे. एखादे वेळी पाय घसरला, तरी त्याला पुन्हा उभे करावे. माळ त्याने घातली, पण ती सांभाळण्याचे काम आपणा सर्वांचे आहे.

रामकृष्णहरि.