कृत्रिम हिरवळीखालची जमीन

बंगल्याभोवतीच्या मोकळ्या जागेत कृत्रिम हिरवळ अंथरावी की नाही, याचा निर्णय कोल्हापुरातील बहुतेक घरांमध्ये दुकानातल्या वीतभर नमुन्यावरून हात फिरवून घेतला जातो. प्रत्यक्षात त्या नमुन्याचा मऊपणा, रंग आणि पात्यांची उंची या निर्णयातील सर्वांत गौण बाबी आहेत. हे आच्छादन किती टिकेल आणि त्यावर मुले केव्हा खेळू शकतील, हे ठरते ते त्याखालच्या भरावावरून, अंगणात येणाऱ्या उन्हावरून आणि पावसाचे पाणी कोणत्या वाटेने बाहेर पडते यावरून. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने, पूर्वी ऊस पिकत असलेल्या जमिनीवर वसलेल्या एका उपनगरात, घरासमोर असे आच्छादन घालून घेतले होते आणि पुढे त्याचा मोठा भाग काढून टाकला. पुढील विवेचन त्या अनुभवावर आधारलेले असले, तरी त्याचा रोख असा विचार करणाऱ्या इतर कुटुंबांकडे आहे.

कृत्रिम हिरवळ म्हणजे पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे हिरवे तंतू विणलेल्या अस्तरातून ओवून, मागच्या बाजूने लॅटेक्स अथवा पॉलियुरेथेनचा थर देऊन पक्के केलेला गालिचा होय. पाणी निचरण्यासाठी या अस्तराला ठरावीक अंतरावर भोके असतात आणि पाती उभी राहावीत, गालिचा वजनाने जागच्या जागी बसावा, म्हणून त्यात बारीक सिलिका वाळू भरली जाते. ही वस्तू जगभर गाजली ती १९६६ साली, अमेरिकेतील ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या छतबंद क्रीडागृहामुळे. तेथे आधी खरेच गवत होते. परंतु छतातून येणाऱ्या उन्हाने खेळाडूंचे डोळे दिपू लागले म्हणून छताची तावदाने रंगवण्यात आली, उजेड घटला, गवत मेले आणि त्याच्या जागी मोन्सँटो कंपनीचा हा गालिचा आला. पुढे त्याच क्रीडागृहावरून त्याला अ‍ॅस्ट्रोटर्फ हे नाव मिळाले आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच अशा मैदानावर खेळली गेली. खऱ्या गवताला ऊन पुरेनासे झाले तेथे या वस्तूने नाव कमावले, ही गोष्ट कोल्हापूरच्या उघड्या अंगणाचा विचार करताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जिवंत गवत मुळांनी घेतलेले पाणी पात्यांवाटे वाफेच्या रूपाने सोडते. या क्रियेला बाष्पोत्सर्जन म्हणतात आणि तीत उष्णता खर्ची पडत असल्यामुळे भर दुपारीही खऱ्या हिरवळीवर अनवाणी चालता येते. प्लास्टिकच्या पात्यांना ही सोय नाही. ती ऊन शोषून घेतात आणि तापत राहतात. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली रबरी दाणे भरलेल्या अशा एका क्रीडामैदानाच्या तापमानाच्या नोंदी घेण्यात आल्या, तेव्हा मैदानाचा पृष्ठभाग डांबरापेक्षाही अधिक तापलेला आढळला. पाणी मारल्यावर तो झपाट्याने निवला खरा, पण सुमारे वीस मिनिटांत जवळजवळ पूर्वीइतकाच तापला. घरगुती गालिच्यात रबराऐवजी वाळू असते, त्यामुळे तेथील आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. परंतु एप्रिल-मे महिन्यांत हवेतील पारा ३७-३८ अंशांच्या आसपास असताना पश्चिमेकडे उघडे असलेले अंगण दुपारी बारा ते पाचपर्यंत अनवाणी पायांना वर्ज्य होते, हा अनुभव लेखकाच्या घरी प्रत्येक उन्हाळ्यात आला. शाळांना सुट्टी असते तेव्हाच हे घडते, हे विशेष. कोल्हापुरात तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर बहुधा संध्याकाळनंतर, प्रकाशझोतात खेळले जाते, म्हणून तेथे खेळून आलेल्या मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मनात कृत्रिम हिरवळीचे जे चित्र तयार होते, त्यात दुपारचा ताप नसतोच.

उन्हाहून अधिक गुंतागुंतीचा प्रश्न पावसाचा आहे. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पाचशे चौरस फुटांच्या अंगणावर वर्षभरात सुमारे ४६ हजार लिटर पाणी उतरते आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळातले असते. गालिच्याला भोके आहेत म्हणून निचरा होईल, हे विक्रेत्याचे म्हणणे खोटे नसले तरी अपुरे आहे, कारण भोकातून खाली गेलेले पाणी पुढे कोठे जाते हा खरा प्रश्न असून त्याचे उत्तर भरावात असते. नदीकाठच्या आणि जुन्या शेतजमिनीवरील वसाहतींमध्ये काळी माती आढळते. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसून भेगाळते आणि तिच्यावर थेट अंथरलेले काहीही सपाट राहत नाही. योग्य पद्धत अशी, की वरची माती चार ते सहा इंच काढावी, खडी व मुरूम घालून पाणी मारीत धुम्मस किंवा यंत्राने दाबावा, त्यावर कच, म्हणजे दगड फोडताना मिळणारी जाडसर भुकटी, एकसारखी पसरावी आणि हे सर्व करताना मीटरला एक सेंटिमीटर इतका तरी उतार गटाराकडे ठेवावा. लेखकाच्या घरी एका पावसाळ्यानंतर दाराजवळ खळगे पडले, म्हणून गालिच्याचा कोपरा उचलून पाहिला गेला, तेव्हा मुरमाच्या जागी विटांचे तुकडे आणि वाळलेल्या सिमेंटचे ढेकूळ असा राडारोडा, त्यावर जेमतेम बोटभर कच आणि त्या कचेत दिवसचे दिवस साचून आंबूस वास मारणारे पाणी, असा प्रकार आढळला. ठेकेदाराने दिलेल्या कोटेशनमध्ये गालिच्याची जाडी मिलिमीटरमध्ये नोंदवलेली होती. भरावाविषयी मात्र ‘बेस तयार करणे’ एवढे तीनच शब्दांचे वर्णन होते.

त्याच कोपऱ्यात लव्हाळाही सापडला. उसाच्या शेतकऱ्याला लव्हाळ्याची ओळख करून देण्याची गरज नाही. जमिनीत खोलवर गाठी धरणारे हे तण खुरपून संपत नाही आणि त्याचे कोंब सुईसारखे टोकदार असल्याने ते प्लास्टिकचा कागदसुद्धा भोसकून वर येतात. तण येऊ नये म्हणून गालिच्याखाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारे पण माती अडवणारे कापड, अंथरतात. स्वस्तातले पातळ कापड लव्हाळ्याने चाळणीसारखे केले होते आणि हिरव्या प्लास्टिकमधून खरी हिरवी पाती डोके वर काढीत होती. ती उपटली की तंतूंचे पुंजकेही सोबत निघत, आणि तणनाशक मारावे तर मुले तेथेच लोळत असत. ज्या जमिनीत लव्हाळा आहे तेथे गाठी वेचून काढल्याशिवाय हे काम हाती घेऊच नये.

‘देखभाल लागत नाही’ या दाव्याबद्दल फार लिहिण्याची आवश्यकता नाही. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात उडून येणारी काजळी, उन्हाळ्यातली धूळ, शेजारच्या आंब्याचा मोहोर आणि कुत्र्याचे मूत्र हे सर्व पात्यांच्या बुडाशी साठते, जुलैच्या झडीत सावलीकडच्या भागावर शेवाळ धरते, आणि कडक ब्रशने झाडून, पाण्याने धुऊन, बसलेली पाती पुन्हा उभी करावी लागतात. खऱ्या मातीत यातील बरेचसे कुजून जाते.

पंचगंगेच्या पूररेषेतील घरांसाठी तर प्रश्नच उरत नाही. राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. अशा पुराचा गाळ खऱ्या गवतावर बसला तर त्यातून हरळी काही काळाने पुन्हा फुटते. वाळूने भरलेल्या गालिच्यातून तो चिकट गाळ काढणे मात्र जवळपास अशक्य असते, आणि मग गालिचाच फेकावा लागतो. फेकलेला गालिचा जातो कोठे, हेही पाहावे. तंतू, अस्तर, चिकट थर आणि वाळू यांचे हे मिश्रण वेगळे करून पुन्हा वापरणे अवघड असल्याने त्याची अखेर कसबा बावड्यातील झूम या कचरा प्रकल्पावर होते. तत्पूर्वी उन्हाने ठिसूळ झालेल्या पात्यांचे कण मातीत मिसळतात, ते वेगळेच. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार क्रीडामैदानांत भरावयाच्या प्लास्टिक व रबरी दाण्यांच्या विक्रीवर २०३१ पासून बंदी येणार आहे; घरगुती अंगणात हे दाणे लागतच नाहीत, तेव्हा कोणी सुचवले तरी ते नाकारावेत.

कृत्रिम हिरवळीच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद पाण्याचा आहे आणि तो प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. ऐन उन्हाळ्यात खऱ्या हिरवळीला दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर पाचशे चौरस फुटांना रोज २३० लिटर, म्हणजे एका लहान कुटुंबाच्या वापराच्या जवळपास पाणी खर्च होते. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने २०२३ मध्ये शहरात पाणी आले म्हणून ते गवतावर ओतावे, असे कोणी म्हणणार नाही. पण खरे गवत की प्लास्टिक, अशी दुहेरीच निवड असते हे गृहीतक चुकीचे आहे. सगळ्या अंगणाला हिरवळ हवीच कशाला? मधोमध शे-दीडशे चौरस फूट हरळी किंवा कोरियन गवत, भोवती पाणी मुरू देणारी दगडी फरशी, कडेला जलपिंपळीसारखी पसरणारी आणि कमी पाण्यावर तगणारी वनस्पती, आणि पश्चिमेला एखादे सावली देणारे झाड, अशी रचना केल्यास पाण्याचा खर्च तिसऱ्या हिश्शावर येतो. शिवाय गणपतीत दूर्वांसाठी बाजार गाठावा लागत नाही. लेखकाच्या अंगणात आता साधारण हीच रचना आहे.

कृत्रिम हिरवळीचा एक पट्टा मात्र तेथे मुद्दाम राखलेला आहे. घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या अरुंद बोळात ऊन येत नाही, हरळी तेथे तग धरत नाही आणि पावसाळ्यात नुसता चिखल होत असे. नव्याने मुरूम व कच दाबून, उतार देऊन, वर अंथरलेला गालिचा तेथे तापत नाही आणि उपयोगी पडतो. गच्चीच्या सावलीतील कोपऱ्यासाठीही तो चालेल, मात्र स्लॅबवर तो चिकटवू नये, सुटा ठेवावा आणि पावसाळ्यापूर्वी गुंडाळून ठेवावा, अन्यथा त्याखाली ओल राहून गळतीची जागा सापडत नाही.

उन्हातल्या पूर्ण अंगणासाठी कृत्रिम हिरवळ घेऊ नये, असा या अनुभवाचा निष्कर्ष आहे. तरीही ज्यांना ती घ्यावयाची असेल, त्यांनी कोटेशनमध्ये खोदाईची खोली, खडी-मुरमाची जाडी, उताराचे प्रमाण आणि कापडाचा प्रकार लेखी मागावा, गालिचा अंथरण्यापूर्वी भरावावर बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात आणि कोणीकडे जाते हे स्वतः पाहावे, आणि त्याहीआधी दुकानातून दोन फुटांचा तुकडा आणून मे महिन्यातील दुपारी दोन वाजता आपल्याच अंगणात ठेवावा व तासाभराने त्यावर तळहात टेकून मगच आगाऊ रक्कम द्यावी.